नुसतं फायनल टायमिंग नको, स्प्लिट पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर हायरॉक्स या फिटनेस रेसबद्दल अर्धं पान आलं, फोटो मस्त होते, आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या लोकांची नावं पेपरात बघून आमचा सगळा ग्रुप खूश झाला, त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण एक गोष्ट खटकली म्हणून हे पत्र लिहितोय. पूर्ण बातमीत प्रत्येकाच्या नावापुढे एकच आकडा होता, फायनल टायमिंग. आणि खाली एका कोचचा सल्ला, की आपल्या लोकांनी स्लेडवर, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी ढकलण्या-ओढण्यावर, जास्त मेहनत घ्यायला पाहिजे. हा सल्ला कशावरून दिला ते काही कळलं नाही, कारण ज्या आकड्यांवरून असं काही म्हणता येईल ते आकडे बातमीत नव्हतेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही रेस २०१७ साली जर्मनीत हॅम्बुर्गला सुरू झाली, ख्रिस्टियन टोएट्झके आणि मोरिट्झ फ्युर्स्टे या दोघांनी काढली, त्यातला फ्युर्स्टे म्हणजे २००८ बीजिंग आणि २०१२ लंडन, दोन्ही ऑलिम्पिकला हॉकीचं सुवर्ण जिंकलेल्या जर्मन टीममधला खेळाडू. आपल्याकडे २०२५ च्या मे महिन्यात गोरेगावला नेस्कोमध्ये पहिली रेस झाली. १ किलोमीटर पळायचं मग एक स्टेशन, परत १ किलोमीटर परत स्टेशन, असं आठ वेळा. स्टेशनांचा क्रम ठरलेला: १००० मीटर स्की अर्ग (वरून खाली दोऱ्या ओढायचं मशिन), ५० मीटर स्लेड ढकलणं, ५० मीटर स्लेड दोरीने ओढणं, ८० मीटर बर्पी ब्रॉड जंप (जमिनीवर आडवं होऊन उठायचं आणि पुढे उडी), १००० मीटर रोइंग, २०० मीटर फार्मर्स कॅरी (दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं), १०० मीटर सॅंडबॅग घेऊन लंजेस (वाळूची पिशवी खांद्यावर आणि गुडघा टेकवत मोठी पावलं), आणि शेवटी १०० वॉल बॉल (जड बॉल घेऊन बसायचं आणि उठताना वरच्या टार्गेटवर मारायचा). वजनं गटाप्रमाणे ठरलेली, म्हणजे पुरुष ओपनला (ओपन म्हणजे सर्वसाधारण गट) ढकलायचा स्लेड १५२ किलो, महिला ओपनला १०२ किलो. मुंबई असो नाहीतर बार्सिलोना, अंतरं तीच, वजनं तीच, क्रम तोच.

आणि याच कारणामुळे या रेसचा रिझल्ट इतका कामाचा असतो. घोट्याला चिप बांधलेली असते, ती प्रत्येक किलोमीटर, प्रत्येक स्टेशन वेगळं मोजते (या तुकड्या-तुकड्याच्या वेळेलाच स्प्लिट म्हणतात), आणि स्टेशनांच्या भोवतीचा जो मधला पट्टा असतो, ज्याला रॉक्सझोन म्हणतात, तिथे जाता-येता गेलेला वेळ पण वेगळा मिळतो. रेस संपल्यावर हे सगळं ऑनलाइन, सगळ्यांना उघडं, फुकट. स्वतःचंच नाही तर शेजारी पळणाऱ्याचंही बघता येतं. आणि आपण काय करतो, तर त्या सगळ्या आकड्यांतला सर्वात शेवटचा, सर्वात कमी माहिती देणारा आकडा उचलतो, मेडलसोबत फोटो टाकतो, आणि पुढच्या रेसची एंट्री भरतो जिची फी काही कमी नसते. मॅरेथॉनवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, मुंबई मॅरेथॉन पळणारा साधा माणूस सुद्धा पाच-पाच किलोमीटरचे स्प्लिट बघून सांगतो की पेडर रोडच्या चढाला माझी किती मिनिटं गेली. फिटनेस रेसमध्ये ही सवय अजून आलेली नाही आणि ती यावी म्हणून पेपरनेच पुढाकार घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

उदाहरण देतो म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. आमच्या ग्रुपमधल्या एक ताई आहेत, वय चाळीशीच्या पुढे, नोकरी सांभाळून ट्रेनिंग करतात. महिला ओपनला त्यांचं टायमिंग आलं १:४८:२०. त्यांच्या जिममध्ये लगेच सांगितलं गेलं की ताई तुमचा स्लेड कमजोर आहे, पायाची ताकद वाढवा, बारा आठवड्यांचा स्ट्रेंथ प्रोग्राम घ्या. त्यांनाही ते पटलं होतं, कारण रेसमध्ये सगळ्यात जास्त जीव स्लेडलाच गेलेला, तेच लक्षात राहिलेलं. मग एका संध्याकाळी चहा घेत आम्ही लॅपटॉपवर एक्सेल शीट उघडून बसलो.

पहिलं काम, तीन बेरजा. पळणं एकूण ५७:४०, आठ स्टेशन मिळून ४१:३०, रॉक्सझोन ९:१०. एवढ्यावरच एक गोष्ट दिसते, अर्ध्याहून जास्त वेळ पळण्यात गेलाय. ही काही ताईंचीच गोष्ट नाही, बहुतेक सगळ्या हौशी स्पर्धकांची रिझल्टची शीट उघडा, असंच दिसेल. रेसच्या जाहिरातीत स्लेड दिसतो, वॉल बॉल दिसतो, पण घड्याळ मुख्यतः पळण्यावर चालतं.

दुसरं काम, तुलना कुणाशी करायची ते ठरवणं. इथे खूप लोक गडबड करतात. कुणी थेट वर्ल्ड रेकॉर्डवाल्यांची शीट घेऊन बसतं. हंटर मॅकइन्टायरने २०२३ मध्ये बार्सिलोनाला ५३ मिनिटं २२ सेकंदांत रेस संपवली होती, त्याच्या शीटशी आपली शीट लावली तर सगळीकडेच आपण मागे, त्यातून शिकण्यासारखं काही निघत नाही. तुलना करायची ती आपल्यापेक्षा पाच-दहा मिनिटं पुढे असलेल्यांशी, त्याच रेसमधल्या, त्याच गटातल्या, जमलं तर त्याच वयोगटातल्या. वयोगटात माणसं कमी असतील तर शेजारचा वयोगट घ्या. आम्ही १:३८ ते १:४४ मध्ये रेस संपवलेल्या बायकांचे स्प्लिट उतरवून घेतले आणि प्रत्येक स्प्लिटचा मधला आकडा काढला. सरासरी मुद्दाम नाही काढली, कारण एखादीला वॉल बॉलच्या वेळी पायात गोळा आला आणि ती चार मिनिटं बसून राहिली तर सगळी सरासरी बिघडते, आकडे लहान-मोठे लावून मधला उचलला की ती भानगड राहत नाही.

आता फरक बघा. पळण्यात त्या बायकांचा मधला आकडा ५२:५०, म्हणजे ताई ४ मिनिटं ५० सेकंद मागे. रॉक्सझोन ७:३०, म्हणजे १ मिनिट ४० सेकंद मागे. आणि आठही स्टेशन धरून ४०:२०, म्हणजे फक्त १ मिनिट १० सेकंद मागे. ज्या स्लेडसाठी बारा आठवड्यांचा प्रोग्राम विकला जात होता त्या स्लेड पुशला फरक किती, तर १० सेकंद. ओढायच्या स्लेडला १५ सेकंद. स्की अर्ग, रोइंग आणि बर्पीला तर ताई त्या गटापेक्षा पुढे होत्या. स्टेशनांमध्ये खरा खड्डा एकच, वॉल बॉल, तिथे ७० सेकंद.

पळण्याचे आठ आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा तर सगळं स्वच्छच झालं. पहिला किलोमीटर ६:०५, दुसरा ६:५०, तिसरा ७:१५, मग ७:२०, ७:२५, ७:२०, ७:२५ आणि शेवटचा ८:००. पुढच्या गटातल्या बायकांचा पहिला किलोमीटर ६:१५ आणि शेवटचा ७:००. म्हणजे ताई पहिल्या किलोमीटरला त्यांच्यापेक्षा १० सेकंद फास्ट पळाल्या, आणि नंतर प्रत्येक किलोमीटरला साधारण ४० सेकंद, शेवटच्याला पूर्ण मिनिट, असं देत गेल्या. हॉलमध्ये म्युझिक जोरात, आपली वेव्ह (एकत्र सोडलेला गट) सुटली की सगळे पळत सुटतात, त्या जोशात वेग वाढतो आणि ते १० सेकंद पुढे फार महाग पडतात.

हे आकडे वाचायची पण एक पद्धत आहे. पहिला किलोमीटर एकदम फास्ट आणि बाकी सगळे एकसारखे स्लो, तर दोष सुरुवातीच्या वेगाचा. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत हळूहळू घसरत गेले तर दम कमी पडतोय, म्हणजे आठवड्याचं एकूण पळणंच कमी आहे. आणि तिसरा किंवा चौथा एकदम उडी मारून वाढला आणि नंतर परत खाली आला, तर तेव्हा म्हणता येईल की स्लेडने पाय भरले, कारण तिसरा किलोमीटर स्लेड ढकलून झाल्यावर येतो आणि चौथा ओढून झाल्यावर. आठवा सगळ्यांचाच स्लो येतो कारण त्याच्या आधी लंजेस असतात, तेव्हा आठवा स्लो आला म्हणून घाबरायचं नाही, बाकीच्यांच्या आठव्यापेक्षा किती स्लो एवढंच बघायचं. म्हणजे स्लेड कमजोर आहे की नाही हे कधी कधी स्लेडच्या आकड्यात दिसतच नाही, त्याच्या पुढच्या किलोमीटरच्या आकड्यात दिसतं. जिममधल्या किती कोचनी हे बघितलंय?

आता रँकबद्दल. काही ॲप प्रत्येक स्टेशनला रँक काढून देतात, लोक तेच बघतात आणि फसतात. स्की अर्गला मधल्या फळीतले सगळे एकमेकांच्या जवळ जवळ असतात, तिथे १०-१५ सेकंदांत ढीगभर रँक इकडच्या तिकडे होतात. मग स्पर्धक म्हणतो माझा स्की अर्ग फारच वाईट, आणि पुढच्या वेळी पहिल्याच स्टेशनला जीव तोडून ओढतो. पण त्या मशिनचं गणित काय आहे ते बघा, त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबाने वाढते. १००० मीटर ४:४० मध्ये करायला साधारण १२८ वॉट लागतात, तेच ४:२० मध्ये करायचं तर १५९ वॉट. म्हणजे २० सेकंदांसाठी जवळपास २५ टक्के जास्त जोर, तो पण रेसच्या पहिल्या पंधरा मिनिटांत, पुढे सात किलोमीटर आणि सात स्टेशन बाकी असताना. रोइंगचं मशिन पण त्याच हिशोबाचं. उलट पळणं, वॉल बॉल, लंजेस, बर्पी, इथे माणसामाणसात मिनिटांचे फरक असतात. म्हणून माझं म्हणणं, रँक बघूच नका, सेकंद बघा, आणि जिथे सेकंद जास्त सांडलेत तिथूनच सुरुवात करा.

रॉक्सझोनबद्दल पण लिहितो कारण इथे दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतात तो फुकटचा वेळ, पळत आत जा पळत बाहेर या, दोन मिनिटं वाचली. दुसरे त्याच्याकडे बघतही नाहीत. दोन्ही अर्धवट आहे. कुणी आपली लेन शोधत फिरतं, कुणी पाण्याच्या टेबलाशी रेंगाळतं, कुणाला बाहेर पडायचा रस्ताच सापडत नाही, तो वेळ खरोखर फुकट गेला, आणि आदल्या दिवशी हॉलचा नकाशा बघितला तर तो वाचतो. पण पुष्कळांचा रॉक्सझोन वाढतो कारण ते तिथे कमरेवर हात ठेवून धाप शांत करत चालत असतात. त्यांना पळत जा सांगून उपयोग नाही, ते पळत गेले तर पुढच्या स्टेशनला उभे राहतील. त्यांचा रॉक्सझोनचा आकडा म्हणजे खरं तर पळण्याच्याच आकड्याचा उरलेला भाग. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, पहिल्या तीन-चार वेळा पळत होते, नंतर चालतच गेले. मग त्यांचा १:४० चा फरक पण दमाच्याच खात्यात गेला.

इथेच रिझल्टची मर्यादा पण येते आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शीट सांगते कुठे, का ते सांगत नाही. वॉल बॉलला ७० सेकंद गेले हे दिसलं, पण ते खांदे दुखले म्हणून, बॉल टार्गेटला लागत नव्हता आणि जज नो रेप देत होता, म्हणजे तो फटका मोजत नव्हता म्हणून, की दर आठ-दहाला बॉल खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या म्हणून, हे शीटमध्ये नाही. त्यासाठी आमच्या ग्रुपमध्ये आता एक नियम केलाय, रेस झाल्यावर त्याच रात्री, झोपायच्या आधी, फोनमध्ये प्रत्येक स्टेशनला काय झालं ते बोलून रेकॉर्ड करायचं. दुसऱ्या दिवशी आठवणी बदलतात, आठवड्याने तर माणसाला फक्त स्लेड आठवतो. शिवाय नवरा, मुलगी, मित्र, जे कुणी बघायला आलेत त्यांना आधीच सांगून ठेवायचं की फिनिशचा फोटो नसला तरी चालेल, वॉल बॉलचा व्हिडिओ पूर्ण घे. ताईंच्या मुलीने घेतलेला व्हिडिओ आम्ही घड्याळ लावून बघितला, बॉल हातात असतानाचा वेग चांगला होता, पण बॉल जमिनीवर असतानाचा वेळच दोन मिनिटांच्या वर होता. म्हणजे ताकद होती, सेट कसे पाडायचे याचा प्लॅन नव्हता. आता त्या थकलेल्या पायांनी, लंजेस करून लगेच, ठरवून पंधरा-पंधराचे सेट करतात आणि मध्ये पाच श्वास मोजतात, सहावा नाही.

अजून एक मुद्दा, दोन रेसची तुलना. वजनं तीच असली तरी स्लेड ज्या कार्पेटवर सरकतो ते कार्पेट सगळीकडे सारखं सरकत नाही, कुठे स्लेड चिकटल्यासारखा वाटतो कुठे भराभर जातो, रॉक्सझोन कुठे मोठा कुठे छोटा, पळायच्या ट्रॅकला कुठे वळणं जास्त, शिवाय मे महिन्यातली मुंबई आणि युरोपातला हिवाळा यात घामाचा फरक आहेच. म्हणून एका शहराचा स्लेड दुसऱ्या शहराच्या स्लेडशी थेट लावायचा नाही. दोन्हीकडे आपल्यासारख्यांपेक्षा किती सेकंद मागे-पुढे, एवढंच लावायचं. डबल्सचा रिझल्ट तर सिंगल्सशी अजिबात लावू नये, तिथे दोघं सोबत पळतात पण स्टेशनचं काम वाटून घेतात, पाय ताजे राहतात, तिथला किलोमीटरचा वेग बघून सिंगल्सचा प्लॅन केला की चौथ्या किलोमीटरलाच सगळं संपतं. रिलेत तर एकेकाच्या वाट्याला दोनच किलोमीटर आणि दोनच स्टेशन येतात. आणि एकाच रेसवरून फार मोठे निष्कर्ष पण काढू नयेत, एखादा दिवसच वाईट असतो, आदल्या रात्री झोप झालेली नसते, दोन-तीन शीट शेजारी ठेवल्यावर जे परत परत दिसतं ते खरं.

ताईंचं पुढे काय झालं ते सांगायला पाहिजे, कारण माझा सगळ्यात मोठा मुद्दा त्यातच आहे. त्यांनी स्ट्रेंथ प्रोग्राम घेतला नाही. आठवड्यातून दोन दिवस उपवन तलावाच्या बाजूने आरामात, गप्पा मारता येतील इतक्या हळू, पण लांब पळायला लागल्या, आणि एक दिवस लंजेस करून लगेच किलोमीटर, असं चार वेळा. पुढची रेस दुसऱ्या शहरात होती. फायनल टायमिंग आलं १:४५ च्या आसपास. सगळे म्हणाले इतके महिने मेहनत केली आणि तीनच मिनिटं? त्या स्वतः पण हिरमुसल्या होत्या. मग शीट काढली. पहिला किलोमीटर ६:२५, म्हणजे मुद्दाम हळू, आणि आठवा ७:१०. आधी पहिल्या आणि आठव्यात जवळपास दोन मिनिटांचा फरक होता, आता पाऊण मिनिटाचा. वॉल बॉलला मिनिटभर वाचलं. आणि जे गेलं ते दोन्ही स्लेडना गेलं, पण तिथे त्या रेसमधल्या सगळ्यांचेच स्लेड हळू होते, गटाचा मधला आकडाच मिनिटा-दीड मिनिटाने वाढला होता. फायनल टायमिंगवर विश्वास ठेवला असता तर त्यांनी चाललेली चांगली गोष्ट सोडून दिली असती, आणि परत कुणीतरी स्लेडचा प्रोग्राम गळ्यात मारला असता.

जिमवाल्यांना मी सरसकट नावं ठेवत नाही. चांगले कोच आहेत, रविवारी पहाटे उठून मोफत शिकवणारे पण बघितलेत. पण क्लायंटच्या हातात शीट असताना ती न बघता प्लॅन देणं हे मला ब्लड रिपोर्ट न उघडता औषध लिहून देण्यासारखं वाटतं. जिममध्ये ताकद शिकवता येते म्हणून प्रत्येकाला ताकदच कमी पडते असं नाही. आपल्याकडे तर दोन अगदी वेगळी माणसं या रेसला येतात. कोल्हापूर-सांगलीकडची तालमीत वाढलेली पोरं येतात, त्यांना स्लेड म्हणजे काहीच नाही, पण सहाव्या किलोमीटरला चालायला लागतात. आणि मुंबई-पुण्याचे मॅरेथॉनवाले येतात, ते पळतात मस्त पण स्लेडपाशी हाताने पायाने सगळं लावून उभे. दोघांना तोच सल्ला छापून कसं चालेल? दोघांचं फायनल टायमिंग अगदी सारखं असू शकतं आणि दोघांना करायची मेहनत पूर्ण उलटी.

आता पेपरकडून काय पाहिजे ते स्पष्ट लिहितो. आपल्या क्रीडा पानांनी आकडे नेहमी काळजीने छापलेत. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बीडच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८:११.२० ला रौप्य घेतलं आणि केनियाच्या धावपटूचं सुवर्ण ८:११.१५ ला होतं, हे पाच शतांश सेकंद आमच्या अजून लक्षात आहेत. क्रिकेटचं तर विचारूच नका, कुठल्या ओव्हरला किती रन, कुणी कुणाला किती बॉल टाकले, सगळं येतं, आणि म्हणूनच आपल्याकडे शाळेतलं पोरगं सुद्धा मॅच कुठे फिरली ते सांगतं. वाचकाला आकडे वाचायची सवय पेपरनेच लावली. मग धावण्याच्या आणि फिटनेसच्या रेसला एकच आकडा का? निदान तीन छापा: पळणं किती, स्टेशन किती, रॉक्सझोन किती. त्याच्यापुढे पहिला आणि आठवा किलोमीटर छापला तर फारच उत्तम. जागा जास्त लागत नाही, एका ओळीत बसतं, आणि आकडे सगळे उघड्यावर आहेतच.

दुसरं, कोचचा कोट घेताना त्याला एवढं तरी विचारा की हे तुम्ही कुणाच्या शीटवरून सांगताय. आणि पहिल्या आलेल्यांसोबत मधल्या फळीतल्या एखाद्याची, पन्नाशीतल्या काकांची किंवा पहिल्यांदाच उतरलेल्या नर्सची, पूर्ण शीट छापा, त्यांच्याशी बोलून कुठे काय झालं ते लिहा. जिंकणाऱ्याची शीट वाचून टाळ्या वाजवता येतात, पण पेपर वाचणारे बहुतेक जण मधल्या फळीतलेच आहेत आणि ते त्या काकांच्या शीटमध्ये स्वतःला शोधतील.

मुंबईत पुढची रेस होईल तेव्हा आपला वार्ताहर आणि फोटोग्राफर फिनिशच्या कमानीखाली उभे असतीलच, त्यातला एक जण अर्धा तास तरी स्लेडच्या लेनमधून बाहेर पडून लोक तिसऱ्या किलोमीटरला सुरुवात करतात तिथे उभा करा. कोण लगेच पळायला लागतं, कोण वीस पावलं चालतं, कोण गुडघ्यावर हात ठेवून थांबतं, ते नंबरासकट लिहून घ्या, आणि रात्री त्याच नंबरांचे आठही किलोमीटर काढून शेजारी छापा.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे